पाकिस्तानातले मसीही : एफआयआर, लग्नाचा दाखला आणि राखीव जागा

गोदाकाठ (धागाकर्ता)

16 ऑगस्ट 2023 ला फैसलाबाद जिल्ह्यातल्या जडांवाला शहरात वीसहून अधिक चर्च आणि ऐंशीच्या आसपास घरं जाळली, लुटली गेली. आपल्याकडे चार दिवस बातम्या आल्या आणि मग सामसूम. 2009 मध्ये गोजरा झालं, 2013 मध्ये लाहोरची जोसेफ कॉलनी झाली, तेव्हाही असंच.

मला या धाग्यात दोन जाळपोळींच्या मधल्या दिवसांवर बोलायचं आहे. लग्न लागतं, मूल जन्मतं, नोकरीची जाहिरात निघते, शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडण होतं, निवडणूक येते. त्या त्या वेळी कुठला कागद लागतो, तो कोण देतो आणि नेमकं कुठे घोडं अडतं, हे समजलं तर जाळपोळ का होते तेही समजतं. निदान माझं मत तसं आहे. पाकिस्तान निवडला कारण तिथले बरेच कायदे आपल्याच कपाटातले आहेत: 1860 ची दंडसंहिता, 1869 चा घटस्फोट कायदा, 1872 चा ख्रिस्ती विवाह कायदा. फाळणीनंतर एकाच कायद्याचं दोन देशांत काय काय झालं, ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं.

आधी ओळख. 2023 च्या जनगणनेत ख्रिस्ती सुमारे 33 लाख, म्हणजे 1.37 टक्के. 2017 मध्ये सुमारे 26 लाख होते. जवळजवळ तीन चतुर्थांश पंजाबात: लाहोर, फैसलाबाद, शेखूपुरा, सियालकोट, गुजरांवाला. समाज स्वतःला 'मसीही' म्हणवतो. 'ईसाई' हा शब्द सरकारी कागदांत बराच काळ होता, पण तो अनेकांना टोचतो. म्हणून धाग्यात मसीहीच लिहू या.

कायद्याचं दफ्तरदारांनी लिहावं ही विनंती. आणि एक सूचना: "मग आपल्याकडे काय चाललंय" हा फाटा इथे नको. कायद्याची तुलना जरूर करा.

---

दफ्तरदार

दंडसंहितेच्या कलम 295 पासून (धर्माच्या अवमानाचे गुन्हे) सुरुवात करतो, कारण त्याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते.

मूळ 295 इंग्रजांचं. 295-ए 1927 मध्ये आलं, लाहोरच्याच एका पुस्तकाच्या खटल्यानंतर. ते आपल्याकडेही होतं, नव्या न्याय संहितेतही त्याचा आशय आहे. लष्करी हुकूमशहा झिया उल हक यांच्या काळात 1980 मध्ये 298-ए (पैगंबरांचे कुटुंबीय आणि सहकारी यांचा अवमान), 1982 मध्ये 295-बी (कुराणाची विटंबना, जन्मठेप) आणि 1986 मध्ये 295-सी (पैगंबरांचा अवमान) आलं. 295-सी मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेप असा पर्याय होता. फेडरल शरियत कोर्टाने (कायदे इस्लामला धरून आहेत का ते तपासणारं कोर्ट) ऑक्टोबर 1990 मध्ये जन्मठेपेचा पर्याय इस्लामविरोधी ठरवला आणि 30 एप्रिल 1991 ची मुदत दिली. तेव्हापासून दोषी ठरला की मृत्युदंड, दुसरी शिक्षाच नाही. सरकारने मात्र आजवर या कलमाखाली कुणालाही फासावर चढवलेलं नाही. माणसं मेली ती जमावाच्या हातून, कोर्टाच्या आवारात आणि तुरुंगात.

आता मजकूर वाचा. 295-ए मध्ये 'जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने' असे शब्द आहेत. 295-बी मध्ये 'हेतुपुरस्सर' आहे. 295-सी मध्ये हेतूचा शब्दच नाही. उलट 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष', 'सूचक बोलणं', 'आडून आरोप' हे सगळं त्यात बसतं. त्यामुळे रागाच्या भरात निघालेलं वाक्य, निरक्षर माणसाने न वाचता पुढे ढकललेला मोबाइलवरचा मजकूर किंवा कचऱ्यात गेलेला छापील कागद, यांतलं काय मुद्दाम केलं आणि काय नाही हा प्रश्न कोर्टापुढे सुरुवातीला येतच नाही.

दुसरी गोम प्रक्रियेत आहे. 295-ए चा खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते (फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम 196). 295-सी ला ती लागत नाही. 2004 च्या दुरुस्तीने कलम 156-ए घालून तपास पोलीस अधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही असं ठरवलं. चांगली सुधारणा, पण ती तपासापुरती आहे. एफआयआर ठाण्यातच नोंदतात आणि तीही बाहेर पाचशे माणसं उभी असताना. अधीक्षक येतो तोवर आरोपी कोठडीत आणि त्याचे नातेवाईक गाव सोडून गेलेले. ही चाळणी एफआयआरच्या आधी असती तर बरीच प्रकरणं तिथेच संपली असती.

पुढचा प्रवास साधारण असा. जामीन सत्र न्यायालयात जवळजवळ मिळत नाही. खटला सत्र न्यायालयातच चालतो आणि न्यायाधीश मुस्लिम असावा असं संहितेच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी वकील मिळत नाही, मिळाला तर त्याला धमक्या येतात. आरोपीने काय म्हटलं ते शब्द पुन्हा उच्चारणंही गुन्हा ठरेल या भीतीने साक्षीदार ते नीट सांगत नाहीत, उलटतपासणीत वकील विचारत नाही, न्यायाधीश निकालपत्रात लिहीत नाही. म्हणजे पुरावा तपासायचा तो नेमका वगळून शिक्षा होते. वरच्या कोर्टात ती टिकत नाही, पण वर पोचायला आठ-दहा वर्षं जातात.

आसिया बीबीचं प्रकरण घ्या. 14 जून 2009 ला शेतात फळं तोडताना पाण्यावरून भांडण. एफआयआर 19 जूनला, पाच दिवसांनी. 2010 मध्ये मृत्युदंड, 2014 मध्ये लाहोर उच्च न्यायालयात कायम, 31 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयात निर्दोष. सर्वोच्च न्यायालयाने काढलेल्या विसंगती वाचण्यासारख्या आहेत: ज्या सभेत तिने 'कबुली' दिली म्हणतात, तिला माणसं किती होती? एक साक्षीदार शंभर म्हणतो, दुसरा हजार, तिसरा दोन हजार. आणि सभा भरली कुणाच्या घरात यावरही एकमत नाही. हे सगळं सत्र न्यायालयाच्या कागदांतही होतंच.

---

अबोली

उत्तम प्रतिसाद. दोन प्रश्न. खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा होत नाही का? आणि आरोप होतात ते बहुतेक मसीहींवरच का?

---

दफ्तरदार

@अबोली, दुसरा आधी. संख्येने पाहिलं तर आरोपींत मुसलमानच जास्त आहेत, त्यानंतर अहमदी (ज्यांना पाकिस्तानचा कायदा मुसलमान मानत नाही) आणि ख्रिस्ती. पण दीड टक्काही नसलेल्या समाजाचा वाटा त्यांच्या संख्येच्या कितीतरी पट आहे. फरक आणखी एका ठिकाणी पडतो. मुसलमान आरोपी असला तर संकट बहुधा त्याच्यावर आणि घरच्यांवर येतं. मसीही आरोपी असला की पूर्ण वस्तीवर येतं. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, तिथे सुकंही नसतं. जडांवालात ज्या दोघा भावांवर आरोप झाला, त्यांना वैयक्तिक वैरातून गोवलं होतं असं पोलीस तपासातच निघालं.

खोट्या तक्रारीसाठी 182, 211 आणि मृत्युदंडाच्या गुन्ह्यात खोटी साक्ष देण्यासाठी 194, ही कलमं आहेत. अडचण अशी की तक्रार खोटी होती हे कोर्टाला पुढे न्यावं लागतं आणि कोर्ट 'संशयाचा फायदा' देऊन थांबतं. संशयाचा फायदा मिळालेला माणूस गावाच्या नजरेत निर्दोष नसतो, फक्त सुटलेला असतो. तो घरी परतत नाही. जमीन पडेल भावाने विकतो नाहीतर तशीच सोडतो.

कायद्यात बदल सुचवणाऱ्यांचं काय झालं तेही नोंदवतो. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर 4 जानेवारी 2011 ला स्वतःच्या अंगरक्षकाच्या गोळ्यांनी गेले. अल्पसंख्याक मंत्री शाहबाझ भट्टी 2 मार्च 2011 ला. त्यानंतर संसदेत या कलमाला हात लावायची भाषा बंद झाली.

---

हिरडा

वर 'वस्ती' हा शब्द आला. माझ्या मते धाग्याचा गाभा तिथे आहे. याला निव्वळ धर्माचं भांडण म्हटलं की जात आणि जमीन दिसत नाहीशी होते.

पंजाबी मसीहींचा इतिहास 1873 पासून धरतात. सियालकोटजवळचा दित्त नावाचा, कातड्यांचा व्यापार करणारा चूहडा या दलित समाजातला माणूस मिशनऱ्यांकडे स्वतः गेला, बाप्तिस्मा घेतला आणि गावी परतून नातलगांत काम करू लागला. मिशनऱ्यांचं लक्ष तेव्हा वरच्या जातींवर होतं, हा लोंढा त्यांना अनपेक्षित होता. 1931 पर्यंत पंजाबात ख्रिस्ती चार लाखांवर गेले आणि त्यांतले बहुतेक याच समाजाचे. आपल्याकडे अहमदनगर, जालना भागात मिशन महार-मांग वस्त्यांत पसरलं, त्याच्याशी ताडून पाहता येईल.

काहींना कालव्यांच्या वसाहतीत मिशनमार्फत जमीन मिळाली: मार्टिनपूर, क्लार्काबाद, खुशपूर. शाहबाझ भट्टी खुशपूरचे. या गावांत शिक्षण आलं, शिक्षक-परिचारिका-सैनिक घडले. बाकीचे शीख जमीनदारांकडे सालदारीवर. 1947 ला शीख गेले, त्यांची जमीन पूर्व पंजाबातून आलेल्या निर्वासितांना मिळाली, ते स्वतः कसणारे. सालदार उघड्यावर. त्यांच्यापुढे दोनच दारं होती, शहरातली सफाई आणि वीटभट्टी.

वीटभट्टीचं चक्र असं चालतं: कुटुंब 'पेशगी' म्हणजे उचल घेतं. वीट पाडणाऱ्याला पथेरा म्हणतात. नवरा-बायको-मुलं मिळून दिवसाला हजारभर विटा पाडतात, दर हजारी. आठवड्याच्या हिशोबात उचलीचा हप्ता कापतात, पाऊस आला की काम बंद आणि खर्चाला नवी उचल. हिशोबाची वही मालकाकडे. कुटुंब दुसऱ्या भट्टीवर जातं तेव्हा कर्ज सोबत जातं, म्हणजे माणसं कर्जासकट विकली जातात. 1988 मध्ये भट्टीमजुरांनी पाठवलेली तार सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानली, तो दर्शन मसीह खटला. त्यातून 1992 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आला. कायद्यात जिल्हा दक्षता समिती आहे, पण तिच्या बैठका होत नाहीत.

सफाईचं तर विचारूच नका. भरतीच्या जाहिरातींत 'फक्त गैरमुस्लिम' असं छापलेलं वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. 2009 मध्ये केंद्र सरकारने सर्व पदांत अल्पसंख्याकांना 5 टक्के जागा ठेवल्या. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे त्यांतल्या जवळपास निम्म्या रिकाम्या आणि भरलेल्यांपैकी बहुतांश सफाईच्या वा खालच्या श्रेणीतल्या. नगरपालिका 89 दिवसांचा करार करते, एक दिवस खंड देते, पुन्हा 89. नव्वदावा दिवस भरला तर कायम करण्याचा हक्क तयार होईल म्हणून. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याला मुखवटा नाही, वायू तपासायचं यंत्र नाही. झाकण उघडून पुरेसा वेळ हवा खेळू न देता माणूस उतरवला की हायड्रोजन सल्फाइडने तो काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो.

---

मोडी

@हिरडा, जमिनीचा मुद्दा जोसेफ कॉलनीत फार स्पष्ट दिसतो. बादामी बागेत लोखंड बाजाराला खेटून वस्ती. मार्च 2013 मध्ये दोन मित्रांच्या भांडणातून आरोप झाला, पोलिसांनी आदल्या दिवशी रहिवाशांना घरं सोडायला लावली आणि दुसऱ्या दिवशी रिकामी वस्ती जळाली. शंभरावर घरं. 115 आरोपी जानेवारी 2017 मध्ये पुराव्याअभावी सुटले. लोकांचे जीव वाचले हे खरं, पण वस्ती रिकामी करून बंदोबस्त न ठेवणं म्हणजे जमावाला मोकळं रान देणं.

---

वसईची_वाट

सगळे मसीही पंजाबी नाहीत, हेही लिहायला हवं. कराचीतले गोवेकर हा वेगळाच समाज. सिंध 1 एप्रिल 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. कॅथलिक चर्चचा कारभार त्यानंतरही मुंबईहूनच चाले, कराची स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो मे 1948 मध्ये. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कोर्देरो यांचा जन्म 1918 चा, मुंबईतला. कराची गोवन असोसिएशन 1886 चं, सेंट पॅट्रिक्स शाळा 1861 ची (लालकृष्ण अडवाणी आणि परवेझ मुशर्रफ दोघेही तिथले विद्यार्थी). कस्टम्स, रेल्वे, तारखातं, शाळा, वाद्यवृंद, सगळीकडे हे लोक. फाळणीआधी कराचीला मॅन्युएल मिस्किता हे गोवेकर महापौर होते.

इंग्रजी शिक्षण, शहरात स्वतःची घरं आणि कागदपत्रं चोख, त्यामुळे 1970 नंतर कॅनडा-इंग्लंडची वाट त्यांना सहज सापडली. पंजाबी मसीहीकडे यांतलं काही नव्हतं. त्याच चर्चमध्ये दोघं प्रार्थना करतात, पण कोंकणी-इंग्रजी बाक वेगळे आणि उर्दू-पंजाबी बाक वेगळे असा दुरावा होताच. चर्चच्या आतल्या या जातीबद्दल तिकडचे धर्मगुरू फार कमी बोलतात, हे मला खटकतं.

---

निळावंती

लग्नाच्या दाखल्याबद्दल.

1872 च्या कायद्याप्रमाणे लग्न लावणारा परवानाधारक हवा, सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळात (काही अपवाद सोडून), दोन साक्षीदारांसमोर. परवाना नसताना लावलं तर लावणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत शिक्षा. नोंदवहीची प्रत निबंधकाकडे जायला हवी.

प्रत्यक्षात वस्तीतली अनेक छोटी चर्चं स्वतंत्र, पास्टर स्वतःच दीक्षित, परवाना नाही किंवा संपलेला. लग्न लागतं, सुंदर छापलेलं प्रमाणपत्र मिळतं, पण ते चर्चच्या लेटरहेडवरचं. युनियन कौन्सिलच्या (सगळ्यात खालची स्थानिक संस्था) सचिवाकडे निकाहनाम्याचा छापील नमुना असतो, मसीही लग्नाची नोंद करायची कशी हे त्याला माहीत नसतं आणि तो हात झटकतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युनियन कौन्सिलांत नोंद करून नादराचा (राष्ट्रीय ओळखपत्र खातं) संगणकीय दाखला द्यावा असा आदेश दिला, त्यानंतर मोठ्या शहरांत सुधारणा झाली.

हा दाखला नसला तर काय होतं? बायकोच्या ओळखपत्रावर नवऱ्याचं नाव चढत नाही. मुलांचा ब फॉर्म (अठरा वर्षांखालच्यांचा नादराचा नोंदणी दाखला) रखडतो. वारसाहक्क आणि पेन्शन अडतं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे विवाहितेला पळवून नेऊन धर्मांतर आणि निकाह झाल्याचा कागद समोर आला, तर आधीचं लग्न होतं हे सिद्ध करायला नवऱ्याकडे सरकारी कागद नसतो.

अल्पवयीन मुलींच्या प्रकरणांत ब फॉर्म हाच कणा. कराचीतल्या 2020 च्या प्रकरणात तेरा वर्षांच्या मुलीबाबत सिंध उच्च न्यायालयाने आधी 'नवऱ्याच्या' बाजूने आदेश दिला. गदारोळ झाल्यावर वैद्यकीय मंडळाकडून वय तपासलं आणि मग तिला निवारागृहात पाठवलं. सिंधमध्ये 2013 पासून विवाहाचं वय मुलींनाही 18 आहे म्हणून हे झालं. पंजाबात तेव्हा मुलींना 16 होतं. आणि कोर्टं 18 खालचा विवाह गुन्हा मानत असली तरी तो रद्दबातल मानतातच असं नाही, इथे सगळी मेख आहे.

धर्मांतराला वयाची अट घालणारं विधेयक सिंध विधानसभेने नोव्हेंबर 2016 मध्ये मंजूर केलं होतं. 18 वर्षं पूर्ण आणि प्रौढांना विचार करायला 21 दिवस. धार्मिक पक्षांनी विरोध केला, राज्यपालांनी परत पाठवलं, तिथेच राहिलं. 2021 मध्ये केंद्रातला मसुदाही संसदीय समितीने फेटाळला. 21 दिवसांची तरतूद फार शहाणपणाची होती: खरोखर मनाने धर्म बदलणाऱ्याला तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही, जबरदस्ती असेल तर मात्र तेवढ्यात ती उघडी पडते.

---

अबोली

घटस्फोटाचं काय? 1869 चा कायदा तर आपल्याकडेही होता ना?

---

दफ्तरदार

होय, आणि ही तुलना धागाकर्त्याला हवी तशी आहे.

मूळ कलम 10 प्रमाणे नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करावा लागे. बायकोला तर व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्याग असं आणखी काहीतरी. आपल्याकडे 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही जोडअट घटनाबाह्य ठरवली, मग 2001 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून दोघांना समान कारणं आणि 10-ए खाली परस्परसंमतीचा घटस्फोट दिला.

पाकिस्तानात उलटं झालं. कलम 7 मुळे इंग्लंडमधली कारणं वापरायची फट होती, ती झियांच्या काळात 1981 मध्ये वटहुकमाने बुजवली. मग उरला फक्त व्यभिचाराचा आरोप. त्याचे दोन परिणाम झाले. नवरे सुटका हवी म्हणून बायकोवर खोटा आरोप करू लागले, ज्याने ती आणि तिच्या मुली समाजातून उठल्या. किंवा दोघांपैकी एक जण कागदावर मुसलमान होऊ लागला, कारण त्याने लग्न मोडणं सोपं. नंतर परत फिरायचं म्हटलं तर नादराच्या नोंदीत इस्लाम सोडून दुसरा धर्म लिहून मिळत नाही आणि मुलांचा धर्म काय हा वाद सुरू होतो. म्हणजे घटस्फोटाच्या कायद्यातली एक गाळलेली ओळ धर्मांतरं घडवत होती.

2017 मध्ये लाहोर उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश मन्सूर अली शाह यांनी कलम 7 पुन्हा जिवंत केलं. याला विरोध कुणाचा? काही चर्चनेत्यांचा. विवाह हा संस्कार आहे, कोर्टाने ढवळाढवळ करू नये म्हणून. त्यांची श्रद्धा मला समजते, पण खोट्या आरोपाखाली उभ्या केलेल्या बाईला ती श्रद्धा काय देत होती, याचं उत्तर त्यांनी द्यायला हवं.

---

मोडी

राखीव जागांचं मी लिहितो. 1985 ते 2002 स्वतंत्र मतदारसंघ होते: मसीहीने मसीही उमेदवारालाच मत द्यायचं. राष्ट्रीय सभेत (संसदेचं कनिष्ठ सभागृह) अल्पसंख्याकांना 10 जागा, त्यांत 4 ख्रिस्ती, 4 हिंदू. एका ख्रिस्ती खासदाराचा मतदारसंघ म्हणजे आख्खा देश. यातला खरा तोटा असा की गल्लीतल्या सर्वसाधारण उमेदवाराला मसीही मताची गरजच उरली नाही. गटार, नळ, वीज, पोलीस ठाणं, कशासाठीही तो वस्तीत फिरकेना. बिशप जॉन जोसेफ यांनी याविरुद्ध आणि 295-सी विरुद्ध बरीच वर्षं झगडा दिला. 6 मे 1998 ला त्यांनी साहिवालच्या कोर्टासमोर जीव दिला.

2002 पासून संयुक्त मतदारसंघ आहेत. जागा 10 च राहिल्या, पण आता त्या पक्षांना जिंकलेल्या जागांच्या प्रमाणात मिळतात आणि पक्षाने आधी दिलेल्या यादीतल्या क्रमाने भरतात. म्हणजे तो खासदार पक्षाध्यक्षाचा, मतदाराचा नाही. सर्वसाधारण जागा 1985 मध्ये 207 होत्या, आज 266, अल्पसंख्याकांच्या मात्र तेव्हाही 10 आणि आजही 10.

एक दुरुस्ती, कारण ती पाकिस्तानी मसीहींच्या भाषणांत नेहमी येते: पंजाब विधानसभेचे सभापती एस. पी. सिंघा यांच्या निर्णायक मताने पंजाब पाकिस्तानात गेला असं सांगतात. 23 जून 1947 चं मतदान 91 विरुद्ध 77 होतं, बरोबरी नव्हतीच. ख्रिस्ती सदस्यांनी पाकिस्तानच्या बाजूने मत दिलं हे मात्र खरं. 'आम्ही या देशाच्या बाजूने उभे राहिलो' हे सांगायला तेवढं पुरेसं आहे, दंतकथेची गरज नाही.

---

गोदाकाठ

सर्वांचे आभार. शाळेबद्दल थोडं: घटनेचं कलम 22 सांगतं की दुसऱ्या धर्माचं शिक्षण सक्तीचं करता येणार नाही. म्हणून 'इस्लामियात' या इस्लामच्या विषयाला पर्याय 'अखलाकियात' म्हणजे नीतिशास्त्र. पण त्याचं पुस्तक उशिरा येतं, शिकवायला कुणी नसतं, म्हणून मुलं इस्लामियातच घेतात. शिवाय वर्गात एकट्याने उठून दुसऱ्या खोलीत जाणं आठ वर्षांच्या पोराला नको असतं.

आता सलोख्याबद्दल कुणी लिहील का? अमन कमिट्या, चर्चची सुरक्षा वगैरे.

---

हिरडा

सुरक्षेचं आधी. 22 सप्टेंबर 2013 ला पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चवर हल्ला झाला, त्यानंतर आणि विशेषतः 15 मार्च 2015 ला लाहोरच्या युहनाबादमधल्या दोन चर्चवर हल्ले झाल्यानंतर भिंत उंच करणं, वर काटेरी तार, कॅमेरे, धातुशोधक फाटक या गोष्टी आल्या. खर्च बराचसा चर्चचा. मोठं चर्च करतं, वस्तीतल्या दोन खोल्यांच्या चर्चला परवडत नाही. दारावर पोलीस एखाद-दुसरा, तपासणी करणारी पोरं मंडळीतलीच. युहनाबादला आकाश बशीर या विशीतल्या तरुणाने हल्लेखोराला फाटकावर कवटाळून धरलं आणि जीव दिला. त्याच दिवशी संतापलेल्या जमावाने दोन निरपराध मुसलमानांना मारून जाळलं, हेही याच धाग्यात लिहिलं पाहिजे.

सलोख्यात काय चालतं आणि काय नाही? नाताळला मौलाना केक कापतात, फोटो निघतो, ते वाईट नाही, पण अफवा उठते त्या रात्री उपयोगाचं नाही. उपयोग होतो तो पहिल्या दोन-तीन तासांत. मशिदीच्या लाउडस्पीकरवरून हाक गेली की जमाव जमतो. पंजाबात 2015 चा ध्वनिवर्धक कायदा आहे, अजान आणि शुक्रवारच्या अरबी खुतब्यासारख्या (प्रवचन) मोजक्या गोष्टींपुरती परवानगी. पण हाक देणाऱ्याला रोखू शकतो तो त्याच मशिदीचा इमाम किंवा गल्लीतला वजनदार माणूस. म्हणून ज्या अमन कमिटीत शेजारच्या मशिदीचा इमाम, बाजार समितीचा अध्यक्ष आणि ठाणेदार यांचे फोन पास्टरकडे असतात तीच कामाची. जिल्हा पातळीवरची कमिटी फक्त सभागृहात भेटते.

सामान्य माणसांनी उभं राहिल्याचीही उदाहरणं आहेत. ऑक्टोबर 2013 मध्ये लाहोरच्या सेंट अँथनी चर्चबाहेर मुसलमान नागरिकांनी प्रार्थना चालू असताना हात धरून साखळी केली. मरियमाबादच्या सप्टेंबरातल्या जत्रेला नवस फेडायला मुसलमान बायाही जातात. डॉ. रूथ फाउ या जर्मन नन कराचीत आयुष्यभर कुष्ठरुग्णांची सेवा करत होत्या, 2017 मध्ये त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला गेला.

---

दफ्तरदार

पेशावरच्या हल्ल्यानंतर सरन्यायाधीश तसद्दुक हुसेन जिलानी यांनी 19 जून 2014 ला दिलेला निकाल इथे यायलाच हवा. अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रीय परिषद, प्रार्थनास्थळांसाठी प्रशिक्षित विशेष पोलीस दल, अभ्यासक्रमातला द्वेष काढणं, समाजमाध्यमांवरच्या चिथावणीवर कारवाई, 5 टक्के जागांची अंमलबजावणी. आदेश ठोस होते. अंमलबजावणी इतकी रखडली की 2019 मध्ये कोर्टाला त्यासाठी एकसदस्य आयोग नेमावा लागला.

आणि चर्चच्या मालमत्तेबद्दल एक: 2002 च्या वटहुकमाप्रमाणे अल्पसंख्याकांची सामूहिक मालमत्ता केंद्र सरकारच्या ना-हरकतीशिवाय विकता येत नाही. तरीही मिशनच्या जुन्या जमिनी विकल्या गेल्या, कारण एकाच चर्चचे दोन गट स्वतःला खरे विश्वस्त म्हणवतात आणि एक गट परस्पर सौदा करतो. तिथे फसवणारा बाहेरचा नसतो.

---

वसईची_वाट

@निळावंती, ब फॉर्मसाठी बाप्तिस्म्याचा दाखला चालतो का?

---

निळावंती

आधाराचा पुरावा म्हणून लागतो, पण एकटा पुरत नाही. क्रम असा: आधी युनियन कौन्सिलात जन्मनोंद, त्यावरून संगणकीय जन्मदाखला, मग आईवडिलांची ओळखपत्रं घेऊन नादरात ब फॉर्म. जन्म घरी झाला असेल आणि नोंद उशिरा करायची असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली तारीख कामी येते, म्हणून पॅरिशच्या (स्थानिक चर्चचा विभाग) कचेरीत ती वही पान क्रमांकासह, खाडाखोड न करता ठेवणं महत्त्वाचं. काही पॅरिश आता लग्न ठरवायला आलेल्या जोडप्याकडून दोघांची ओळखपत्रं आणि बाप्तिस्म्याचा उतारा घेतल्याशिवाय तारीखच देत नाहीत, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाचा जन्मदाखला मागतात. आईबापांना सुरुवातीला हा जाच वाटतो. पण दहा-बारा वर्षांनी मुलीचं वय कोर्टात विचारलं जातं तेव्हा हातात तेवढाच एक कागद असतो.